बॅकअपमधून एकच फोटो परत कसा मिळवावा?



भारतवारी आटोपून आल्यावर किंवा नवा फोन घेतल्यावर आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आजीचा व्हिडिओ चुकून डिलीट झाला. संगणकावर मार्च महिन्यातला बॅकअप आहे. आता काय करू?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "रिस्टोअर कर." हे उत्तर अर्धवट आहे आणि घाईने अमलात आणले तर महागात पडते. आयफोन 'रिस्टोअर' करणे म्हणजे अख्खा फोन मार्च महिन्यात नेऊन ठेवणे. आजीचा व्हिडिओ परत येईल, पण मार्चनंतरचे जे काही फक्त त्या फोनवर होते ते पुसले जाईल.

एका व्हिडिओसाठी एवढे करायची गरज नसते. संगणकावरचा बॅकअप म्हणजे सीलबंद डबा नव्हे. तो हजारो फाईलींचा एक फोल्डर असतो आणि त्यातून हवी ती फाईल फोनला हात न लावता काढता येते. ते कसे, हे या लेखात क्रमाने दिले आहे. मुख्य भर आयफोनवर आहे, कारण संगणकावर पूर्ण बॅकअप घेण्याची पद्धत तिथे सर्वाधिक रुळलेली आहे. अँड्रॉइड आणि जुने संगणक यांचीही माहिती पुढे आहे.

सर्वात आधी या तीन गोष्टी करा

१. फोनची कचरापेटी पाहा. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये 'रिसेंटली डिलीटेड' नावाचा अल्बम असतो. डिलीट केलेले फोटो तिथे साधारण ३० दिवस राहतात. मेसेजेस अ‍ॅपमध्येही अशी सोय २०२२ सालच्या आयओएस १६ पासून आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस 'ट्रॅश'मध्ये असतो. बरेचसे प्रश्न इथेच सुटतात.

२. फोन संगणकाला जोडू नका. एका फोनचा संगणकावर सहसा एकच चालू बॅकअप असतो आणि नवा बॅकअप जुन्याच्या जागी येतो. फोन नुसता चार्जिंगसाठी लावला आणि बॅकअप सुरू झाला, तर मार्चच्या बॅकअपमधला व्हिडिओही गेला. फोन आधीच जोडलेला असेल आणि पासकोड मागत असेल, तर तो न टाकता केबल काढा.

३. बॅकअपच्या फोल्डरची प्रत काढा. पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवरच करा. मूळ फोल्डर उघडून त्यातल्या फाईलींची नावे बदलू नका. एक नाव बदलले तरी तो बॅकअप पुढे रिस्टोअर होण्यास नकार देऊ शकतो.

मॅकवर आणखी एक सोय आहे. 'मॅनेज बॅकअप्स'च्या यादीत बॅकअपवर राइट क्लिक करून 'आर्काइव्ह' निवडले की तो बॅकअप गोठवला जातो आणि पुढचा बॅकअप त्यावर लिहिला जात नाही.

बॅकअप असतो कुठे?

मॅकवर २०१९ सालच्या कॅटालिना आवृत्तीपासून आयट्यून्स गेले आणि बॅकअपचे काम फाइंडरकडे आले. फोन न जोडता फोल्डर गाठायचा तर फाइंडरमधील 'गो' मेनूत ऑप्शन कळ दाबून धरा. 'लायब्ररी' दिसेल. त्यात 'अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट', त्यात 'मोबाइलसिंक' आणि त्यात 'बॅकअप'.

विंडोजवर दोन शक्यता आहेत. आयट्यून्स अ‍ॅपलच्या संकेतस्थळावरून घेतले असेल तर तुमच्या युजर फोल्डरमधील 'अ‍ॅपडेटा', मग 'रोमिंग', 'अ‍ॅपल कॉम्प्युटर', 'मोबाइलसिंक', 'बॅकअप' असा रस्ता आहे. 'अ‍ॅपडेटा' लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दाखवण्याची खूण करा. आयट्यून्स किंवा नवे 'अ‍ॅपल डिव्हाइसेस' मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतले असेल, तर युजर फोल्डरमध्येच 'अ‍ॅपल' नावाचा फोल्डर पाहा. त्यात पुढे 'मोबाइलसिंक' आणि 'बॅकअप' आहेत.

आत प्रत्येक उपकरणासाठी आकडे-अक्षरांचे लांबलचक नाव असलेला एक फोल्डर दिसेल. घरात तीन-चार फोन असतील तर कोणता कोणाचा हे कळण्यासाठी त्यातली 'इन्फो' नावाची फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. फोनचे नाव आणि शेवटच्या बॅकअपची तारीख त्यात वाचता येते.

आत काय असते?

फोल्डर उघडल्यावर पहिल्यांदा निराशा होते. फोटो कुठेच दिसत नाहीत. दिसतात ते दोन अक्षरी नावांचे फोल्डर आणि त्यांत ४० अक्षरी नावांच्या फाईली, ज्यांना एक्स्टेंशनही नसते. फाईल खराब झालेली नसते, तिचे फक्त नाव बदललेले असते.

अ‍ॅपल प्रत्येक फाईलचा फोनवरचा पत्ता घेते, त्यावर एसएचए-१ नावाचे गणित चालवते आणि येणारे उत्तर फाईलला नाव म्हणून देते. त्या नावाची पहिली दोन अक्षरे म्हणजे फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव. कोणती फाईल मूळची कोणती, याची पूर्ण यादी 'मॅनिफेस्ट' नावाच्या डेटाबेसमध्ये असते. २०१६ सालच्या आयओएस १० पासून हा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारचा आहे.

या गणिताचा एक फायदा आहे. पत्ता तोच, तर नावही तेच. त्यामुळे मेसेजेसचा डेटाबेस पुण्यातल्या फोनचा असो की न्यू जर्सीतल्या, बॅकअपमध्ये त्याचे नाव '३डी०डी७ई५एफ' असेच सुरू होते (शोधताना रोमन अक्षरे आणि आकडे टाइप करा).

बॅकअपमध्ये काय नसते?

पुढचे कष्ट घेण्याआधी हे वाचा, नाहीतर नसलेली वस्तू शोधत बसाल.

* आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ते फोटो संगणकावरच्या बॅकअपमध्ये येत नाहीत. ते आयक्लाउडच्या संकेतस्थळावर पाहा. पण लक्षात ठेवा, आयक्लाउड फोटोज ही तिजोरी नव्हे, आरसा आहे. फोनवर डिलीट केलेला फोटो तिथूनही जातो.
* मेसेजेस आयक्लाउडवर ठेवले असतील तर तेही येत नाहीत.
* संगणकावरूनच फोनमध्ये भरलेली गाणी, पुस्तके आणि फोटो येत नाहीत. ते मूळ संगणकावर शोधा.
* अ‍ॅप स्वतः येत नाही, फक्त त्याची माहिती येते. काही अ‍ॅप्स, विशेषतः बँकांची, स्वतःची माहिती बॅकअपमधून वगळतात.
* हेल्थ, साठवलेले पासवर्ड, कॉल्सची यादी आणि वेबसाइट्सचा इतिहास फक्त एन्क्रिप्टेड बॅकअपमध्ये येतो.

फोटो काढण्याची पद्धत

*पद्धत १ : तयार सॉफ्टवेअर.* आयमेझिंग आणि आयफोन बॅकअप एक्स्ट्रॅक्टर ही या कामाची जुनी, माहितीतली नावे आहेत. दोन्ही मॅक आणि विंडोजवर चालतात. बॅकअप निवडायचा, फोटोंची यादी उघडायची, हवा तो फोटो 'एक्सपोर्ट' करायचा, बस्स. पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीत तो फोटो यादीत दिसतो का ते पाहा. दिसला तरच विकत घ्या.

*पद्धत २ : हाताने, फुकट.* बॅकअप एन्क्रिप्टेड नसेल तरच ही चालते.

१. 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि काढलेल्या प्रतीतला मॅनिफेस्ट डेटाबेस त्यात उघडा.
२. 'फाइल्स' नावाच्या टेबलमध्ये जा. त्यात 'डोमेन' या रकान्यात 'कॅमेरारोलडोमेन' शोधा.
३. 'रिलेटिव्ह पाथ' या रकान्यात फोटोचे मूळ नाव दिसेल. 'डीसीआयएम' फोल्डरमधल्या ओळी म्हणजे कॅमेऱ्याने काढलेले मूळ फोटो. 'थंबनेल्स' असे लिहिलेल्या ओळी सोडून द्या, त्या छोट्या प्रतिमा आहेत.
४. त्याच ओळीत 'फाइल आयडी' हे ४० अक्षरी नाव असते. पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरमधून ती फाईल दुसरीकडे कॉपी करा.
५. कॉपी केलेल्या फाईलला मूळ नाव आणि एक्स्टेंशन द्या. २०१७ सालच्या आयओएस ११ पासून बरेच आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात, त्याआधीचे जेपीजी असतात. व्हिडिओ एमओव्ही असतात.

*तारखांबद्दल :* काढलेल्या फाईलवर आजची तारीख पडली तरी घाबरू नका. फोटो कधी काढला ही नोंद फोटोच्या आत वेगळी असते आणि ती शाबूत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत मात्र ही नोंद बहुधा नसते आणि प्रतिमाही लहान केलेली असते. म्हणून एकाच फोटोच्या दोन प्रती सापडल्या तर ज्यात काढल्याची तारीख आहे ती जपा, मूळ प्रत बहुधा तीच असते.

व्हॉट्सअ‍ॅप आणि आई-बाबांचा आवाज

परदेशी राहणाऱ्या घरात खरी ठेव फोटोंइतकीच व्हॉट्सअ‍ॅपच्या ध्वनिसंदेशांत असते. आईने सांगितलेली पुरणाची कृती, बाबांचा वाढदिवसाचा निरोप. माणूस गेल्यानंतर हीच फाईल शोधायची वेळ येते आणि तेव्हा धावपळीत फोन रिस्टोअर करणे सर्वात धोक्याचे.

आयफोनच्या बॅकअपमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची माहिती त्याच्या 'शेअर्ड' डोमेनखाली असते. संभाषणे 'चॅटस्टोरेज' डेटाबेसमध्ये असतात. फोटो आणि आवाज 'मेसेज' फोल्डरच्या 'मीडिया' विभागात असतात. इथे एक चांगली सोय आहे. त्या विभागातले फोल्डर बहुतेक वेळा समोरच्या व्यक्तीच्या फोन नंबरच्या नावाने असतात. म्हणजे मॅनिफेस्टमध्ये ९१ आणि पुढे आईचा दहा आकडी नंबर शोधला की तिच्याकडून आलेल्या फाईलींच्या ओळी एकत्र मिळतात. ध्वनिसंदेश 'ओपस' प्रकारचे असतात. ते व्हीएलसी प्लेअरवर वाजतात.

संभाषणांच्या डेटाबेसमध्ये वेळ विचित्र आकड्यात दिसते. १ जानेवारी २००१ पासून किती सेकंद झाले, तो हा आकडा. त्यात ९७,८३,०७,२०० मिळवले की नेहमीची युनिक्स वेळ मिळते. ती ग्रिनिचची असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास पुढे मोजा, म्हणजे "आईचा शेवटचा मेसेज नक्की कोणत्या दिवशीचा" याचे उत्तर चुकणार नाही.

काढलेले एकच संभाषण पुन्हा फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घालण्याची सोपी, अधिकृत सोय नाही. ते संगणकावर पीडीएफ म्हणून जपा. फोटो आणि व्हिडिओ मात्र एअरड्रॉपने किंवा केबलने फोनवर परत नेता येतात.

अँड्रॉइडवर : व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आणि आवाज साध्या फाईली म्हणून असतात. नव्या फोनवर 'अँड्रॉइड' फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर. 'व्हॉइस नोट्स'मध्ये वर्ष आणि आठवडा यांच्या आकड्याने फोल्डर केलेले असतात, त्यामुळे काळावरून शोधणे सोपे जाते. फोन केबलने जोडून हा अख्खा 'मीडिया' फोल्डर संगणकावर कॉपी केला की काम झाले. संभाषणांचा डेटाबेस मात्र एन्क्रिप्टेड असतो.

भारतातला नंबर बंद करण्याआधी : व्हॉट्सअ‍ॅप परत चालू करायला त्याच नंबरवर येणारा कोड लागतो. आई-वडिलांच्या पश्चात नंबर बंद केला किंवा रिचार्ज न केल्याने गेला, तर तो पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. म्हणून आधी फोनमधला ऐवज काढून घ्या, मग सिमकार्डाचा निर्णय घ्या.

खणातला जुना आयफोन कामाला येतो

तुमच्याकडे जुना आयफोन पडून असेल तर आणखी एक मार्ग आहे. तो फोन पूर्ण पुसून त्यावर मार्चचा बॅकअप रिस्टोअर करा, हवे ते काढून घ्या. रोजचा फोन जसाच्या तसा राहतो. पथ्ये तीन :

* जुन्या फोनवरची आयओएस आवृत्ती बॅकअपच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी.
* त्यावर आयक्लाउड चालू करू नका, नाहीतर आजचे बदल तिथेही येऊन पोचतील.
* त्यावर व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या नंबराने चालू केले तर रोजच्या फोनवरचे बंद होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपसाठी वर दिलेली पद्धतच बरी.

नोट्स अ‍ॅपमधला मजकूर काढण्यासाठी हा मार्ग विशेष चांगला, कारण त्याच्या डेटाबेसमध्ये मजकूर दाबून साठवलेला असतो आणि नुसता उघडून वाचता येत नाही.

पासवर्ड विसरला तर?

एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड हा फोनच्या पासकोडपेक्षा आणि अ‍ॅपल अकाउंटच्या पासवर्डपेक्षा वेगळा असू शकतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मुलाने आईच्या फोनसाठी ठेवलेला असतो आणि कोणालाच आठवत नाही. मॅकवर तो 'कीचेन अ‍ॅक्सेस'मध्ये साठवलेला असू शकतो, तिथे आधी पाहा. नाही मिळाला तर त्या बॅकअपला अ‍ॅपलही मदत करू शकत नाही. आयओएस ११ पासून फोनवरच्या 'रीसेट ऑल सेटिंग्ज'ने पुढच्या बॅकअपसाठी नवा पासवर्ड ठेवता येतो, पण जुना बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतो. "शंभर टक्के पासवर्ड काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अनोळखी माणसाला फोनवरून संगणकाचा ताबा तर कधीच देऊ नका.

मग एन्क्रिप्शन नकोच का? हवेच. एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एका परिषदेत अ‍ॅलास्डेअर अ‍ॅलन आणि पीट वॉर्डन यांनी दाखवून दिले, की आयफोन कुठे कुठे फिरला याची नोंद एका फाईलमध्ये साठते, आणि ती संगणकावरच्या साध्या बॅकअपमधून कोणालाही वाचता येते. अ‍ॅपलने नंतर ती नोंद ठेवण्याची पद्धत बदलली. पण मुद्दा कायम आहे : या लेखातल्या ज्या पद्धतीने तुम्ही आईचा आवाज काढाल, त्याच पद्धतीने तुमचा लॅपटॉप चोरणाराही काढू शकेल. पासवर्ड ठेवा आणि तो पासपोर्टच्या कागदांबरोबर लिहून ठेवा.

जुन्या संगणकांचे बॅकअप

* मॅकचा टाइम मशीन (२००७ पासून) : हवा तो फोल्डर उघडून मागच्या तारखेला जा आणि एकच फाईल परत आणा. आयफोटो किंवा फोटोजची लायब्ररी मात्र एकच फाईल असल्यासारखी दिसते. तिच्या प्रतीवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' निवडा. मूळ फोटो 'ओरिजिनल्स' किंवा 'मास्टर्स' फोल्डरमध्ये मिळतील.
* विंडोज ७ चा बॅकअप : फाईली साध्या झिप फाईलींत असतात. तारीखवार फोल्डरमधल्या झिप एकेक उघडून फोटो काढता येतो, विंडोज ७ नसले तरी.
* विंडोज एक्सपीचा बॅकअप : बीकेएफ प्रकारची फाईल नव्या विंडोजवर थेट उघडत नाही. ती वाचणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते.
* पिकासा : गूगलने २०१६ साली ते बंद केले, पण तुमचे फोटो पिकासाच्या पोटात नव्हतेच. ते साध्या फोल्डरमध्येच आहेत. बदल करण्याआधीची मूळ प्रत त्याच जागी 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असू शकते.
* घरी बर्न केलेल्या सीडी आणि डीव्हीडी : आहेत त्या आत्ताच हार्ड डिस्कवर उतरवा. त्या कायम टिकत नाहीत, आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्हही नसतो.

फाईल मिळाली, पण मराठी वाचता येत नाही?

ही अडचण खास आपली. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी पत्रे, नाटकांच्या संहिता आणि गणेशोत्सवाच्या पत्रिका शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फाँट्समध्ये टाइप करत होतो. त्या फाँट्समध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसेल तर मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. फाईल बिघडली असे समजून ती फेकू नका. जुन्या बॅकअपमधल्या विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधून तो फाँट शोधा, नव्या संगणकावर बसवा आणि कागदपत्र लगेच पीडीएफ करून ठेवा. मग सवडीने फाँट कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा. बरहामध्ये केलेल्या फाईली बरहामध्येच उघडा आणि तिथून युनिकोडमध्ये काढा.

पुढच्या वेळेसाठी

१. भारतात जाण्याआधी, परत आल्यावर आणि फोन दुकानात बदलून देण्याआधी संगणकावर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या.
२. वर्षातून एकदा त्याची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. शक्य असेल तर दुसरी डिस्क दुसऱ्या घरी.
३. आई-बाबांचे निवडक ध्वनिसंदेश बॅकअपच्या भरवशावर न ठेवता साध्या फोल्डरमध्ये नावानिशी जपा : कोण बोलतंय, कधी, कशाबद्दल.
४. अ‍ॅपल अकाउंटमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' (डिसेंबर २०२१ पासून) आणि गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' भरून ठेवा. आपल्या पश्चात घरच्यांना आपले फोटो मिळण्याचा हा सरळ मार्ग आहे.
५. या शनिवारी अर्धा तास काढा आणि आपल्या बॅकअपमधून कोणताही एक फोटो काढून पाहा. बॅकअप चालतो की नाही हे गरज पडण्याआधी कळलेले बरे.